माळावर सायकल नेण्याआधी

टावर चौक, फ्रीगंज, उज्जैन
कार्तिक वद्य पंचमी

चि. मनू,

तुझे फोटो पाहिले. जर्मनीतल्या ल्यूनेबुर्गच्या माळावर ऑगस्टात फुललेला तो जांभळा हेदर, त्यातून गेलेली पांढुरकी रेताड वाट, कडेला बर्चची झाडं, आणि नजर पोचेल तिथवर एक मोटार नाही. विल्झेडे गावात तर मोटारी आणूच देत नाहीत, घोडागाड्या चालतात, हे वाचून हेवा वाटला. जानेवारीत येताना नवी ग्रॅव्हल सायकल खोक्यात घालून आणणार आहेस हेही कळलं. पण शेवटी जे वाक्य टाकलंस, "तिकडे असं काही नाहीच ना गं आत्या, सगळीकडे डंपर आणि हॉर्न", त्याला उत्तर देणं भाग आहे. मोबाइलवर अंगठ्यानं एवढं लिहिणं मला जमत नाही, म्हणून कागद घेतला. दादा फोटो काढून पाठवील.

टावर चौकापुरतं तुझं म्हणणं खरं आहे. संध्याकाळी घड्याळाच्या मनोऱ्याभोवती पाणीपुरीच्या, गराडूच्या, साबूदाण्याच्या खिचडीच्या गाड्या लागल्या की इथे चालणाऱ्यालाच जागा नसते, सायकलवाल्याची कथा काय. त्यात २०२८च्या सिंहस्थाची कामं निघाली आहेत, घाट आणि रस्ते सगळंच एकदम खणलंय. शहरात चालवायचीच असेल तर उजाडता उजाडता कोठी रोडला जा, विद्यापीठाच्या बाजूला, आणि शाळेच्या बसगाड्या निघायच्या आत परत ये. शहराबद्दल माझा एवढाच उपदेश. बाकीचं पत्र शहराबाहेरचं.

एक गंमत मात्र सांगते. तुझ्या त्या माळाचा सर्वांत उंच माथा, विल्झेडर बेर्ग, १६९ मीटरचा. माळव्याचं पठार उज्जैनपाशी पाचशे मीटरच्या आसपास आहे. म्हणजे टावरखाली चहा पीत उभी राहिलीस तरी तू त्या माथ्याच्या तीनशे मीटर वर असशील. चढ मात्र फारसे मिळणार नाहीत. इथे छळतो तो वारा, आणि जानेवारीत तो बहुधा उत्तरेकडून येतो. म्हणून जाताना उत्तरेला तोंड कर, परतताना तो पाठीशी घे; उलट केलंस तर थकलेल्या पायांनी शेवटचे वीस किलोमीटर तुला घर लांब पळतंय असं वाटेल.

आता वाटा. तिथे तुला खांबावर बाण मिळतात, क्रमांक मिळतात. इथे ते शोधत बसलीस तर खरोखरच काही नाही असं वाटून परत जाशील. इथे आहे ती गाडी-गडार. बैलगाडीच्या दोन चाकोऱ्या, मधे गवताची पट्टी, दोन्ही बाजूंना बोरी-बाभळी. गावातून शिवाराकडे, शिवारातून पुढच्या गावाकडे. महाराष्ट्रात हिलाच पाणंद म्हणतात. गावनकाशात ती तुटक रेषांनी दाखवलेली असते, तिच्यावर वहिवाट सगळ्या गावाची, आणि शेजारचा शेतकरी दर नांगरटीला तिच्यात वीतभर सरकतो. महाराष्ट्र सरकारनं २०२१ साली मातोश्रींच्या नावानं शेत-पाणंद रस्त्यांची योजना काढली, तीही याच भांडणांतून. पाणंद मोकळी झाली की तीवर खडी-मुरूम पडतो, मग ट्रॅक्टर येतो, मग टेंपो. शेतकऱ्याला तेच हवंय आणि त्याचं बरोबर आहे. त्याचा ऊस किंवा सोयाबीन डोक्यावरून वाहून न्यायचं का? तुझ्या सायकलीसाठी कुणी आपली वाट कच्ची ठेवावी असा विचार मनात आला तर तो तिथेच सोडून दे.

मुद्दा हा, की ज्या वाटेवर मोटारी नाहीत ती वाट कुणीतरी दुसरं वापरतंय. गाई-म्हशी, शेळ्या, खत वाहणारी गाडी, मोटर चालू करायला निघालेला माणूस, पाठीवर दप्तर घेतलेली पोरं. तू त्या वापरणाऱ्यांत सगळ्यांत उशिरा आलेली आहेस. म्हणून थांबायचं तुला, त्यांना नाही. कळप समोरून आला की उतर, सायकल कडेला घे, कळप जाऊ दे. घंटा वाजवू नकोस. घंटेनं म्हैस बाजूला होत नाही, बिथरते. मागून जात असशील तर लांबूनच माणसाला हाक दे. राम राम म्हण. इथे अजून त्याला उत्तर येतं.

तुझ्या जर्मन माळाची जन्मकथा तुला ठाऊक असेलच. तिथे मूळचं रान होतं. लोकांनी ते तोडलं, मेंढ्या घातल्या, वरची माती गवतामुळांसकट खरवडून गोठ्यात अंथरली आणि मग खत म्हणून शेतात टाकली. शतकानुशतकं असं चाललं, जमीन निःसत्त्व झाली आणि हेदरनं ती धरली. आज तिथे त्या शिंगाळ हाइडश्नुके मेंढ्या मुद्दाम पाळतात. त्या हलल्या तर काही वर्षांत बर्च आणि पाइन माळ गिळून टाकतील. तू ज्याचे फोटो काढतेस तो देखावा मेंढपाळानं राखलेला आहे.

आपला माळ त्याचाच भाऊ आहे असं पटकन म्हणावंसं वाटतं, पण ते पूर्ण खरं नाही. मी आयुष्यभर पोरांना गवतं ओळखायला शिकवलं, तेव्हा पाठ्यपुस्तकात असायचं की दख्खनचे माळ म्हणजे उद्ध्वस्त झालेलं जंगल. २०२५ साली आशीष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या दोघांनी फार सुरेख काम प्रसिद्ध केलं. त्यांनी तेराव्या शतकापासूनचं मराठी वाङ्मय, लोककथा, ओव्या चाळल्या आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या ठिकाणांच्या संदर्भात कोणती झाडं येतात ते टिपून काढलं. निघाली ती बहुतेक माळावरचीच, उघड्यावर वाढणारी काटेरी झाडं. म्हणजे सुप्या-सासवडकडचा माळ साडेसातशे वर्षांपूर्वीही माळच होता. पाऊस कमी, मातीचा थर पातळ, आणि त्यात चरणारी जनावरं. संतकवींच्या ओव्या वनस्पतिशास्त्राच्या कामी येतील असं मला कॉलेजात कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते.

कागदोपत्री मात्र तो माळ पडीक. इंग्रजांच्या महसूल खात्यानं ज्यातून सारा मिळत नाही ते वाया, असा हिशेब मांडला आणि आपण तो जपून ठेवला. पावसाळा आला की त्याच्यावर खड्डे खणून रोपं लावायची; रोपं बहुधा मरतात, पण खड्ड्यांनी गवत जातं. आपल्या उत्तरेला आगर, शाजापूर, नीमच भागात मोठे सौर प्रकल्प झाले. विजेला माझा विरोध नाही, या घरातही पंखा फिरतोच. पण जागा निवडताना 'रिकामी' हा शेरा वाचून निवडतात, आणि तो शेरा कुणी कधी तिथे जाऊन तपासलेला नसतो. तू माळावर जाशील तेव्हा रिकाम्या जागेत आले असं समजून जाऊ नकोस, एवढं केलंस तरी मला पुष्कळ झालं.

गवताची आणि आपली ओळख जुनी आहे, हे विसरू नकोस. आपले लोक उज्जैनला आले ते घोड्यांवरून. राणोजी शिंद्यांनी इथे राजधानी केली, ती १८१० साली दौलतरावांनी ग्वाल्हेरला नेली. तोवर आणि नंतरही इथल्या सगळ्या व्यवहारामागे घोडदळ होतं, आणि घोडदळामागे गवत. संस्थानी मुलखात गवताची राखीव रानं असत, त्यांना बीड म्हणत. मक्सी रोडकडे नौलखी बीड हे नाव अजून आहे. टावरपासून जवळच्या चौकाला घासमंडी म्हणतात, तू लहानपणी तिथून खाऊ आणला आहेस.

तर पहिल्या रविवारी कुठे जायचं? उंडासा. शहराच्या पूर्वेला, घरापासून तासाभराच्या आत. तलावावर थंडीत पाहुणे पक्षी उतरलेले असतात. तिथून पुढे गडारी फुटतात, मी नकाशा काढून देणार नाही. एक निवड, गावाचं नाव विचारत जा. फोनमधला नकाशा इथे अर्धाच खरा. तो दाखवतो ती वाट पुष्कळदा एखाद्याच्या विहिरीपाशी संपते, आणि मग लोक बांधावरून सायकल काढतात. बांधावर चढू नकोस. बांध ही हद्द असते, ती खचली तर दोन घरांत कोर्टकचेरी होते, आणि तू तोवर परत हॅम्बुर्गला पोचलेली असशील.

उंडासा जमलं की पंचक्रोशी कर. ११८ किलोमीटरची ही परिक्रमा लोक पायी पाच दिवसांत करतात, वैशाख वद्य दशमीपासून अमावास्येपर्यंत. (आपल्या कालनिर्णयात तेव्हा चैत्र वद्य असतो. उत्तरेकडे महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. दर वर्षी यावरून घरात एकदा गोंधळ होतो.) पटणी बाजारातल्या नागचंद्रेश्वरापासून निघताना यात्रेकरू देवाकडून घोड्याचं बळ मागून घेतात आणि परत आल्यावर मातीचा घोडा वाहून ते बळ परत करतात. पिंगळेश्वर, करोहन, नलवा, अंबोदिया, कालियादेह, जैथल, उंडासा, असे टप्पे. यात्रेच्या दिवसांत हजारो माणसं, डोक्यावर गाठोडी, पायांत चपला नाहीत. तेव्हा तू सायकल घेऊन मधे घुसू नयेस हे उघड आहे. जानेवारीत मात्र तोच फेरा जवळजवळ मोकळा असतो. बराचसा आता डांबरी झालाय, तरी गावागावांतून जाणारा, आणि ज्या वळणावर डांबर लांबून जातं तिथे जुनी गडार आतून जाते. अंबोदियाला गंभीर नदीचं धरण आहे, उज्जैन त्याचंच पाणी पितं. दुपारचा डबा तिथे उघड. एका दिवसात उरकायचा हट्ट धरू नकोस. दोन दिवस कर, मधे करोहन किंवा जैथलला धर्मशाळेत विचार. सोबत कुणी नसेल तर निघण्याआधी मला पुढच्या गावाचं नाव कळव, आणि गावात शिरलीस की हापशावर बायका असतात त्यांच्याशी आधी बोल. एकदा बायकांना कळलं की तू कोण, कुणाची, कुठून आलीस, की पुढच्या तीन गावांपर्यंत ती बातमी तुझ्याआधी पोचते. यासारखं संरक्षण नाही. प्रश्न फार विचारतील, लग्नाबद्दलही; चिडू नकोस.

आता मातीबद्दल नीट ऐक, कारण तुझी सायकल वाळूवर वाढलेली आहे. माळव्याची माती काळी, कापसाची. कोरडी असेल तर तिच्यासारखी वाट नाही, धूळ मऊ, चाक आवाजही करत नाही. ओली झाली की संपलं. टायर आणि फोर्कच्या मधे ती भरते, चाक फिरायचं थांबतं, आणि सायकल खांद्यावर घ्यावी म्हटलं तर तिचं वजन दुप्पट झालेलं असतं. तुला वाटेल जानेवारीत कसला पाऊस. पाऊस नसतो, पण गव्हाला पाणी देणं चालू असतं, पाट फुटून गडारीत येतो, आणि वळणावर अचानक पन्नास पावलांचा चिखल. त्यात शिरू नकोस. उतर, गवतावरून चालत जा, आणि तरीही माती भरलीच तर काटकीनं खरवड. हातानं उपसत बसलीस तर ब्रेकच्या रोटरला लागून बोटं कापतील. दुसरं, पावसाळ्यात ट्रॅक्टरनं पाडलेल्या खोल चाकोऱ्या हिवाळ्यात दगडासारख्या वाळतात. एकदा एका चाकोरीत पुढचं चाक टाकलंस की त्यातच राहा. तिरपं बाहेर निघायला गेलीस की आडवी होशील. मधली गवताची पट्टी आकर्षक दिसते पण तिच्यात काय दडलंय ते दिसत नाही.

मुरमाची वाट भेटली तर आनंद मान. लालसर, दाबून बसलेला, पाणी धरत नाही. खडी टाकून ठेवलेला आणि अजून रोलर न फिरलेला रस्ता मात्र ग्रॅव्हलच्या नावाखाली स्वीकारू नकोस. तो कुणाच्याच कामाचा नसतो.

टायर ४५ मिलिमीटरचे घाल, ट्यूबलेस. तू हलकी आहेस, तीस पीएसआयच्या आसपास हवा पुरे. डांबरावर जरा जड वाटेल, माळावर दुवा देशील. सीलंट घरून निघताना भरलंस तरी इथे आल्यावर हलवून बघ, कोरड्या हवेत ते लवकर आटतं. कारण सराटे. इथे त्यांना गोखरू म्हणतात. जमिनीलगत पसरणारी साधी पिवळ्या फुलांची वेल, आणि तिचं फळ असं की कसंही पडलं तरी एक काटा वर. सायकल उभी करताना जागा पाहून कर, आणि वाटेच्या कडेला जिथे ही वेल पसरलेली दिसेल तिथून सायकल उचलून ने. बाभळीचा काटा निराळा, तो बाजूनं आत जातो आणि मोडून राहतो. त्याला चिमटाच हवा. मोजे लांब घाल. कुसळी गवत तोवर वाळलेलं असेल, आणि त्याची कुसळं मोज्यात शिरली की ती काढण्यात माझी संध्याकाळ जाईल, तुझी नव्हे, कारण तू झोपलेली असशील.

दिवाळीनंतर मारवाडातून रायका-रबारी मेंढ्या घेऊन माळव्यात उतरतात, उंटांसकट. शेतकरी त्यांना रात्री शेतात मेंढरं बसवायला सांगतात, लेंडीखतासाठी. त्याचा मोबदलाही देतात. महाराष्ट्रात हेच काम आपले धनगर करतात, फलटण-संगमनेरकडून कोकणापर्यंत. त्यांच्या तळाजवळून जाताना कुत्र्यांचं भान ठेव. ती गल्लीतली कुत्री नव्हेत, लांडग्याशी भिडणारी असतात. पळवू नकोस, सायकल जोरात हाणलीस तर ती जास्त मागे लागतात. उतर, सायकल तुझ्या आणि कुत्र्याच्या मधे धर, आणि मालकाची हाक येईपर्यंत उभी राहा. हाक येतेच. चहा विचारला तर घे.

अंधार पडायच्या आत घरात. हे बिबट्यासाठी सांगत नाही. रोजडे, म्हणजे नीलगाई, पिकात शिरू नयेत म्हणून काही शेतकरी कुंपणाच्या तारेत चोरून वीज सोडतात. बेकायदा आहे, माणसंही दगावतात. दिवसासुद्धा तारेला हात लावायचा नाही, सायकल टेकवायची नाही.

रानात जायचं असेल तर इंदूरपलीकडे. महूच्या दक्षिणेला पठार संपतं आणि विंध्याचा उतार नर्मदेकडे पडतो. पातालपाणी, कालाकुंड, चोरल. सागाचं रान आहे, खाली मीटरगेजचा जुना मार्ग, त्यावर २०१८ साली हेरिटेज गाडी सुरू झाली. कालाकुंडचा कलाकंद खाल्ल्याशिवाय येऊ नकोस. रानातल्या वाटा वनखात्याच्या, त्यामुळे नाक्यावर विचारून, नोंद करून आत जा. 'कुणी नव्हतं म्हणून गेले' हे उत्तर वनखात्यापुढे चालत नाही, अभयारण्य असेल तर १९७२च्या वन्यजीव कायद्यापुढे मुळीच नाही.

आणि तू जे उत्साहानं लिहिलंस, की इथले मार्ग नोंदवून स्ट्राव्हावर टाकणार, म्हणजे तिकडचे मित्रही येतील, त्याबद्दल. गडारी टाक, पंचक्रोशी टाक, हरकत नाही. पण रतलामजवळ सैलाना आहे, शंभरेक किलोमीटरच्या पुढे. तिथे १९८३ साली खरमोरासाठी अभयारण्य केलं, सालीम अलींच्या सांगण्यावरून. खरमोर म्हणजे आपला तणमोर. कोंबडीएवढा पक्षी. पावसाळ्यात नर गवताच्या वर उड्या मारतो, दिवसातून शेकडो वेळा, मादीला दिसावं म्हणून. गवत उंच, म्हणून उडीही उंच. आता हे पक्षी इतके थोडे उरलेत की मध्य प्रदेशचं वनखातं त्याची खबर देणाऱ्या आणि घरटं राखणाऱ्या शेतकऱ्याला बक्षीस देतं. तू जानेवारीत जाशील तेव्हा तिथे एकही नसेल, ते जुलैत येतात आणि पाऊस सरला की पांगतात. तुला गवत दिसेल, सपाट, सोनेरी, अडथळा नसलेलं, आणि त्यातून चाक नेलंस तर कुणी अडवणारही नाही. मग तुझी रेषा नकाशावर चढेल, आणि दुसरा कुणी तीच रेषा पकडून जुलैत येईल. म्हणून सैलान्याला जायचं तर सायकल गावात ठेव, वनरक्षकाला बरोबर घे, पायी फिर, आणि फोनमधली नोंद बंद ठेव.

पुण्याला मावशीकडे गेलीस की हाच नियम. मयूरेश्वर अभयारण्य सुप्याजवळ आहे, पाच चौरस किलोमीटरच्या थोडं वर, चिंकारा दिसतात. कडबनवाडी आणि शिर्सुफळला वनखातं माळाच्या सफारी घडवतं. त्या घे, पैसे गावाला जातात. त्या माळांवर लांडगा आहे, धाविक आहे, पखुर्ड्या आहेत. मार्च उजाडला की माळटिटवी उघड्या मुरमावरच अंडी घालते, मुरमाच्याच रंगाची, आणि सायकलवरून ती दिसायचा संभव शून्य. तू तोवर परतलेली असशील, पण तुझ्या पुण्याच्या सायकलवाल्या मंडळींना सांग: चाकोरी सोडायची नाही. एकानं सोडली की दुसरा त्याच्याही बाहेरून जातो, आणि दोन वर्षांत एका वाटेच्या चार होतात.

तुझ्या बाबानं तुला आगरच्या छोट्या गाडीबद्दल सांगितलं असेल. १९३२ साली ग्वाल्हेर संस्थानानं उज्जैन ते आगर नॅरोगेज घातली, १९७५मध्ये ती बंद झाली, रूळ उखडले. जर्मनीत अशा बंद मार्गांच्या सायकलवाटा होतात, म्हणून तू विचारलंस. सलग वाट मिळेल या आशेनं निघू नकोस. पण गाडीतून गेलेली म्हातारी माणसं अजून आहेत. आगर रोडवरच्या गावांत चहाच्या टपरीवर विषय काढून बघ, सायकल आपोआप दोन तास उभी राहील.

शहराबद्दलचं एक सांगायचं राहिलंच. १४ जानेवारीच्या मागेपुढे चार दिवस मात्र शहरात सायकलीला हात लावायचा नाही, कोठी रोडलाही नाही. संक्रांतीला इथे पतंग उडतात आणि चिनी मांजा बंदी असूनही मिळतो. या गावात दुचाकीवरच्या पोरीचा गळा कापून जीव गेलेला आहे. त्या दिवसांत घरी राहा, तीळ भाजायला मला माणूस हवंच आहे. नंतरही आठवडाभर गळ्याला मफलर गुंडाळून निघ, झाडांत अडकलेला मांजा खाली लोंबतो.

सीलंटची बाटली विमानात बरोबरच्या पिशवीत ठेवू नकोस, मोठ्या सामानात टाक. टायर प्लग आणि डिरेलरचा एक जादा हँगर आण, तो इथे मिळायचा नाही; बाकी पाना, ऑइल, हवा सगळं फ्रीगंजात मिळतं. आणि दादासाठी चॉकलेटं आणू नकोस, त्याची साखर वाढली आहे, तो तुला सांगणार नाही.

तुझी,
आत्या